अर्धी हाक

झालं एवढंच, की जव्हारच्या बाजारात भारतीने आपल्या पोरीला हाक मारली आणि भलतीच बाई मागे वळली. पोरगी म्हणजे वर्षा, चार वर्षांची, सुकटवालीच्या पाटीपाशी उकिडवी बसून बोंबलांच्या डोळ्यांत बोट घालत होती. सुकटवाली खेकसत होती. "वर्षे, ए वर्षे" असं दोनदा ओरडून झालं, पण ही कसली ऐकते. मग भारतीच्या तोंडातून आपोआप ते निघालं, जे तिची आई कोंबड्यांना बोलावताना काढायची. तुऽर तुऽर तुर्रर्र, ओऽ. शेवटचा ओ वर चढलेला, पायरी चढायला पाय उचलावा आणि पुढे पायरीच नसावी, तसा. वर्षाने मान वर केली, ती या हाकेला नेहमीच करते. पण तिच्या आधी तिकडे जीपच्या रांगेपाशी एक म्हातारी अशी गर्रकन वळली की तिच्या डोक्यावरचं गाठोडं धप्पकन खाली आलं. कांदे-बटाटे गडगडत रस्त्यावर गेले. म्हातारीने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. माणसांतून वाट काढत ती भारतीसमोर येऊन उभी राहिली, आणि बघत काय होती, तर तोंडाकडे. चेहऱ्याकडे नाही. हाक जिथून आली त्या ओठांकडे.

"परत मार," म्हातारी म्हणाली.

"काय परत मार? मी काय खेळ दाखवायला आलीय इथं?" भारतीचं डोकं म्हणजे वाळलेला पेंढा, काडी नुसती दाखवायची. पण म्हातारी रागावली नाही, हलली नाही. मागून जीपवाला हॉर्न बडवत होता, "ए आज्ये, दाभोसा, बसतेस का जाऊ? कांदे काय चालत येणार नाय." कुणीतरी कांदे गोळा केले, कुणीतरी म्हातारीला दंडाला धरून मागच्या फाळक्यातून आत कोंबलं. जीप हलल्यावर तिचं तोंड माणसांच्या गुडघ्यांमधून बाहेर आलं आणि ती ओरडली, "तुनी आयस कठं हाय?" तुझी आई कुठं आहे. आणि भारतीने, दुकानदार साखर संपली म्हणतो तशा आवाजात, सांगून टाकलं, "मेली." जीप वळणावर गेली. म्हातारीचं तोंड तेवढं राहिलं डोळ्यांपुढे, उघडं. मग भारतीला वाटलं, आपण काय सांगितलं हे. कुणाला सांगितलं.

डेपोच्या मागच्या गल्लीतली भाड्याची खोली. एसटी रिव्हर्स घेताना कंडक्टर जी शिट्टी मारतो ती दिवसभर भिंतीतून आत येते. नवरा मुकेश डेपोच्या वर्कशॉपात हेल्पर, हाताच्या रेषांत ग्रीस. सासू नवशी, दिवसभर ओट्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्याची उलटतपासणी घेत. आणि भारती घरीच. जनगणनावाली असो, अंगणवाडीची ताई असो, सगळ्यांनी विचारलंय, "तुम्ही काय करता?" आणि तिने सांगितलंय, "काय नाय, घरीच." घरीच म्हणजे पाणी, भाकरी, धुणं, पोर, परत पाणी. त्या दिवशी भाकरी थापता थापता तिचा हात थांबला. तव्यावरची नागलीची भाकरी करपली, वास सुटला, सासू ओट्यावरून म्हणाली, "भाकर जळतेय की घर?" भारतीने ऐकलं नाही. तिच्या कानात ती जीप होती. एक गोष्ट तिला आता लागली, ठेच लागावी तशी. ही हाक दुसऱ्या कुणाला माहीत असेल, हे तिला कधी सुचलंच नव्हतं. सगळी दुनिया कोंबड्यांना बा बा बा करते. माहेरी साखरशेतला शेजारीपाजारी सगळे बा बा बा. सासरी बा बा बा. लग्न होऊन आली तेव्हा तिने सासूच्या कोंबड्यांना आपल्या पद्धतीने बोलावून बघितलं होतं, एक आली नाही, उलट कोंबडा कुंपणावर चढून बसला, आणि सासू म्हणाली होती, "ही कुठची भाषा? कोंबड्यांना पण कळेना, म्हणजे धन्य." जगात एकच बाई ती हाक मारत होती, ती भारतीची आई, आणि ती गेली. आता भारती मारते, पोरीला. त्यावरही सासूचं आहेच, "पोरीला कोंबडीवानी बोलावते. माणसाची जात आहे का नाय."

आई गेली तेव्हा भारती बारा वर्षांची. कावीळ. डोळे हळदीसारखे पिवळे, नखं पिवळी, भगताने मुळी बांधली, मग डॉक्टर, मग काहीच नाही. आईचं नाव तुळशी. आईला माहेर नव्हतं. म्हणजे रुसलेलं, तुटलेलं, लांबचं असं नाही, नव्हतंच. आश्रमशाळेत निबंध घातला होता, माझ्या मामाचं गाव. सगळ्या पोरी खाली माना घालून खरडत बसल्या. कुणाच्या मामाच्या गावी नदी, कुणाच्या मामाकडे बैलजोडी, एकीच्या मामाने तर तिला फटफटीवरून डहाणूचा समुद्र दाखवला होता. भारतीने वर शीर्षक लिहिलं, खाली रेघ मारली आणि बसून राहिली. बाई म्हणाल्या, "अगं, काहीतरी लिही. मामा नसतो का कुणाला?" वर्ग हसला. हसण्यासारखं काही नव्हतं, पण वर्गाला काय, हसायला निमित्त लागतं. भारतीने पेपर फाडला, चार तुकडे केले, बाईंच्या टेबलावर ठेवले आणि शाळेच्या मागच्या कुंपणातून निघाली ती जंगलातून चालत घरी. परत गेली नाही. आईला मरून तेव्हा एक पावसाळा झाला होता. बाप रोहिदासने तिच्यापुढे भाताची थाळी सरकवली. शाळा सुटली ती अशी, मामावरून. सासूला ही गोष्ट ठाऊक नाही, पण तिचं बोट बरोबर त्या जागेवर पडतं. वर्षाचं जावळ काढायचं झालं तेव्हा, "हिला मामा नाय, हिच्या आईलाही नाय. आजोळ नसलेलं घर. मांडी कुणाची घ्यायची?" शेवटी मुकेशच्या मित्राची मांडी घेतली. वर्षा त्या मित्राच्या पँटीवर मुतली, सगळे हसले, भारती आत जाऊन भिंतीला पाठ लावून बसली.

आणि आता तिला आई दिसत होती, साखरशेतच्या घरामागे, कुंपणाच्या कडेला. संध्याकाळची. दाणे फेकून झालेले, कोंबड्या डालग्याखाली झाकलेल्या, डालग्यावर दगड ठेवलेला. आणि तरी आई जायची कुंपणापाशी, उतारावर जिथून पलीकडचा डोंगर दिसतो तिथे, आणि हाक मारायची. तुऽर तुऽर तुर्रर्र, ओऽ. एकदाच. मग थांबायची. डोकं जरा तिरकं. लहानपणी भारतीला वाटायचं, एखादी कोंबडी राहिली असेल. ती मोजून यायची आणि सांगायची, "आये, सगळ्या आहेत." आई म्हणायची, "असूदे." भाकरी थापणारे भारतीचे हात आता पिठातच होते. कोंबड्या सगळ्या आत होत्या. मग आई थांबायची कशासाठी? ऐकायची काय?

मुकेशला सांगितलं तर तो मोबाईलमधून डोकं न काढता म्हणाला, "म्हातारी येडी असेल." मग त्याने मोबाईल पालथा ठेवला. "तुला जायचंय का?" "कुठं?" "मला काय माहीत कुठं. तुझ्या तोंडावर जायचंय असं लिहिलंय." तोच सकाळी स्टँडवरच्या जीपवाल्याला विचारून आला. म्हातारीचं नाव रखमी. दाभोशाच्या अलीकडे माळावर एक पाडा आहे, पाच-सहा खोपटी, तिथली. जमीनजुमला नाही, मजुरीची माणसं. आणि मुकेश बूट काढता काढता म्हणाला, "एक आहे. दिवाळी झाली, भात कापून झालं. मुकादमाने टेम्पो लावलाय, वीटभट्टीला. पाडाच्या पाडा उद्या दुपारी जाणार. भिवंडीकडे की कुठे, जीपवाल्याला माहीत नाय. मे महिन्याशिवाय परत येत नाहीत." जरा थांबून, "म्हातारं माणूस आहे. आली तर आली." भारतीने त्याच्याकडे बघितलं. म्हणजे उद्या दुपारपर्यंत. म्हणजे जगात जी एक बाई त्या हाकेला वळली, ती उद्या दुपारी टेम्पोत बसणार आणि विटांच्या धुरात जाणार.

पण आधी ती साखरशेतला गेली, बापाकडे. पहाटेच्या गाडीने, वर्षाला काखेत मारून. रोहिदास खळ्यात नागली झोडपत होता, कणसांचा भुसा त्याच्या भुवयांवर बसला होता. "आई कुठून आली?" तिने उभ्या उभ्या विचारलं. त्याने दांडकं खाली ठेवलं नाही. "आज काय निघालं?" "सांग ना, बा." मग तो बसला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा बोलला. तेही असं, की कुणी कधी विचारलंच नव्हतं म्हणून राहिलं होतं, लपवायचं काहीच नव्हतं. "ट्रकमधून आली." कोळशाच्या भट्ट्या असायच्या तेव्हा जंगलात. ठेकेदार ठिकठिकाणची माणसं न्यायचा, पावसाळ्याच्या तोंडाशी ट्रक भरून परत आणून सोडायचा. अंधार असतानाच ट्रक निघायचे, एक इकडे, एक तिकडे. साखरशेतला ट्रक थांबला, गाठोडी उतरली, आणि गाठोड्यांमध्ये एक पोर झोपलेली. काळीकुट्ट, कोळशाने माखलेली, सगळीच पोरं तशी होती, कोण कुणाचं कळतंय कुठे. ह्याला वाटलं त्याची, त्याला वाटलं ह्याची. धुतल्यावर कळलं की कुणाचीच नाही. तोवर ट्रक गेला होता. "विचारलं नाय तिला, गाव कुठलं?" "विचारलं तर. ती म्हणे, घर. कुठलं घर? आमचं घर. चार-पाच वर्षांच्या पोराला गाव काय ठाऊक, तुझ्या पोरीला विचार तुझं गाव कोणतं." भारतीने वर्षाकडे बघितलं. वर्षा भुशात लोळत होती. "सुकऱ्या म्हाताऱ्याने ठेवून घेतली. तुळशी नाव त्यानेच दिलं. पुढं माझ्याशी लग्न लावलं." "आणि तू कधी विचारलं नाय?" रोहिदासने भुवया पुसल्या. "एकदा विचारलं. म्हटलं, तुला आठवतं का काही? ती म्हणाली, कोंबड्यांची हाक आठवते."

जव्हारला परत येऊन दाभोशाची जीप पकडायची म्हणजे मध्ये घर लागतंच. सासूने सगळं ऐकलं. ओट्यावर बसलेली, पाय पसरलेले, ऐकताना सुपातली वरई निवडणारं बोट थांबलं नाही. भारती वाट बघत होती, आता येईल. माळावरची, बिनजमिनीची, ट्रकमधून आलेली, येऊदे काय यायचंय ते, तिने उत्तरं दातांत धरून ठेवली होती. सासू उठली, आत गेली, डबे वाजवले. बाहेर आली तेव्हा फडक्यात भाकऱ्या, वर सुक्या बोंबलाची चटणी, आणि वेगळ्या पिशवीत नवीन भाताचे तांदूळ. "घे." "हे काय?" "काय म्हणजे? पहिल्यांदा चाललीस, रिकाम्या हाताने जाशील? आमची इज्जत घालवशील." मग दातांतल्या दातांत, "आणि पोरीचे केस विंचर. आजोळी चालली का भंगार वेचायला?" भारतीला दातांतली उत्तरं कुठे थुंकावीत कळेना. ती वर्षाचे केस विंचरत बसली, गुंता न सोडवताच फणी ओढत. "आई, दुखतंय."

जीपमध्ये माणसावर माणूस. बाहेर कापलेली भातखाचरं, मागे राहिलेले सड सोनेरी, मध्येच एखादा उभा राहिलेला बगळा. ती खिडकीतून डोंगर बघत होती. लहानपणापासून बघितलेले डोंगर, आणि आज तिला ते कान असल्यासारखे वाटत होते. साखरशेत इकडे. दाभोसा तिकडे. कावळा एका दमात जाईल एवढं अंतर. आई कुंपणापाशी उभी राहून ज्या डोंगराकडे तोंड करायची, तो डोंगर आता भारतीच्या जीपच्या उजव्या हाताला होता, आणि जीप त्याला वळसा घालून त्याच्या मागे चालली होती. आयुष्यात पहिल्यांदा ती त्या डोंगराची पाठ बघत होती. डोंगराला पाठ असते. तिथे झाडं आहेत, पायवाट आहे, कुणाचा तरी सदरा वाळत घातलाय. ती काय बघायला चालली होती, तेच तिला माहीत नव्हतं, पण जे काय होतं ते तिच्या आधीपासून इथे होतं, ती नव्हती तेव्हाही, आई नव्हती तेव्हाही.

टेम्पो आला होता. माळावर उभा, फाळका पाडलेला, आणि पाडा त्यात चढत होता. पत्रे, पातेली, गोधड्या, बॅटरीचा दिवा, दोरीने बांधलेली कुदळ, मोबाईलवर गाणी लावलेला एक जण, शेपूट हलवत टेम्पोभोवती फिरणारं कुत्रं, ज्याला कुणी नेणार नव्हतं. मुकादम पुढे बसून ओरडत होता, "आवरा, लग्नाला नाय चाललो." रखमी एका खोपटाच्या दाराशी होती, दार म्हणजे ताटी, ती ताटी दोरीने बांधत होती, दोन गाठी, तीन गाठी. तिने भारतीला बघितलं आणि हातातली दोरी तशीच राहिली. जवळ आली नाही. "तुनी आयस मेली म्हणालीस." "हो. झाली खूप वर्षं." "तिला ही हाक कुणी शिकवली?" "मला काय ठाऊक. तेच विचारायला आले." भारतीचा आवाज चढला, तिला चढवायचा नव्हता. रखमीने मान हलवली. "हाक कुणीपन ऐकून चोरंल. मार बघू. बरोबर मार."

भारतीला आधी रागच आला. मग तिने तांदळाची पिशवी खाली ठेवली, वर्षाचा हात सोडला. आणि सगळ्या माणसांसमोर, मुकादमासमोर, तिने हाक मारली, आई मारायची तशी, डोंगराकडे तोंड करून. तुऽर तुऽर तुर्रर्र, ओऽ.

कुंपणातून कोंबड्या आल्या. एक नाही, दोन नाही, सगळ्या पाड्याच्या. खोपटांच्या मागून, लाकडांच्या ढिगाखालून, टेम्पोच्या चाकांमधून, माना पुढे काढून, पंख फुगवून, पळत. तांबड्या, काळ्या, मानेवर पिसं नसलेल्या, पिल्लं घेतलेली एक, लंगडा कोंबडा एक. आल्या आणि भारतीच्या पायांभोवती गोळा झाल्या, आणि वर बघत उभ्या राहिल्या. तिने जन्मात ह्या कोंबड्या बघितल्या नव्हत्या. ह्या कोंबड्यांनी तिला बघितलं नव्हतं. सासूच्या एका कोंबडीने कधी ओळख दिली नाही तिला, आणि इथे, जिथे ती पहिल्यांदा पाय ठेवत होती, तिथे तिला कोंबड्या ओळखत होत्या. तिला हलता येईना. हललं तर तुटेल असं वाटलं. वर्षा हळूच म्हणाली, "आई, ह्या आपल्या आहेत?" मोबाईलवालं गाणं कुणीतरी बंद केलं. मुकादमही ओरडायचा थांबला होता.

रखमी खाली बसली. धरायला काही नव्हतं, मातीला हात टेकला. "तुरी," ती म्हणाली. "तुरी म्हणायचो आम्ही तिला. लहान होती, नाव नव्हतं ठेवलं अजून नीट. माझ्या पाठची." मग तिने भारतीचा हात ओढून तिलाही खाली बसवलं, बघ बघ बघितलं, आणि इतकंच म्हणाली, "दात तिचेच. पुढचे." भारतीला रडू यायला हवं होतं, पण आलं नाही. ती रखमीच्या पुढच्या दातांकडे बघत होती. दोन राहिले होते. तेच.

"दोन टेम्पो, म्हणजे ट्रक होते," रखमी सांगू लागली, आणि सांगता सांगता तिचे हात गाठोड्याच्या गाठी आवळत होते, कारण वेळ नव्हता. "आयोला, म्हंजे आमच्या आयेला, वाटलं तुरी माझ्याजवळ. मला वाटलं आयोजवळ. अंधार होता. सकाळी ट्रकमधून उतरलो तर नाय. मग आयो निघाली. त्या ठेकेदाराकडे गेली, तो म्हणे पोरं मोजायची ड्यूटी माझी नाय. मग ती पाड्यापाड्यानं फिरली. मोखाडा, खोडाळा, पार तिकडं वाड्यापर्यंत. नाव घेऊन काय उपेग, ज्याला सापडली त्यानं दुसरं नाव ठेवलं असंल. म्हणून ती नाव घेतच नव्हती. पाड्याबाहेर उभं राहायचं आणि ही हाक मारायची. पोर असंल तर उत्तर दील." "साखरशेतला नाय आली?" "आली असंल. नसंल. पोर कदी पाण्यावर गेली असंल, झोपली असंल." रखमीने गाठ आवळली. "दोन पावसाळे फिरली. मग पाय सुजले. मग इथूनच मारायची, त्या डोंगराकडं तोंड करून. रोज दिवस मावळताना. मरेपर्यंत."

भारती त्या डोंगराकडे बघत होती. त्याची इकडची बाजू. आणि तिकडच्या बाजूला, त्याच डोंगराकडे तोंड करून, दिवस मावळताना, कोंबड्या झाकून झाल्यावर. मध्ये एक डोंगर. दोघी.

"पण ती तर कोंबड्यांची हाक," भारती म्हणाली. बोलायचं म्हणून बोलली, तोंडात दुसरं काही येईना. रखमीने तिच्याकडे असं बघितलं जसं एखाद्या खुळ्याकडे बघावं. "कोंबड्यांची? कोण म्हणालं? पोरांची हाक ही. जेवायला बोलावतात पोरांना. कोंबड्या आपल्या सवयीनं येतात, खरकटं मिळतं म्हणून." आणि मग, "पुढचं म्हण." "पुढचं काय?" "अगं पुढचं. पोरीनं काय म्हणायचं ते." भारतीला माहीत नव्हतं. आईने ओ वरच सोडलं होतं, नेहमी, आणि मग कान देऊन थांबायची. रखमी तिच्या कानाशी वाकली आणि बारीक आवाजात, सत्तरीकडे झुकलेल्या बाईच्या तोंडून चार वर्षांच्या पोरीचा आवाज काढावा तशी, म्हणाली, तुर तुर, आयोऽ. वर चढलेला तो ओ, हवेत लटकलेला, तिथे येऊन अलगद खाली बसला. एवढंच होतं. पायरी होती ती. म्हणजे आईला येत होतं ते उत्तर, लहान तीच होती, उत्तर तिचंच होतं. आणि ते तिने कधी म्हटलं नाही, कारण ते हाकेनंतर म्हणायचं असतं. हाक आली नाही तोवर कसं म्हणणार? म्हणून तिने आयोची बाजू उचलली आणि ती मारत राहिली. आयो इकडून हाक मारत होती आणि तुरी तिकडून हाकच मारत होती. दोघी थांबून ऐकत होत्या.

"आयोचं नाव काय होतं?" भारतीने विचारलं. हे तरी घेऊन जाऊ, असं तिला वाटलं. रखमीने आठवून बघितलं. खरोखर आठवून बघितलं, कपाळाला हात लावून. "आयोच. आयेचं नाव कोन घेतं?" "आणि तिला हाक कुणी शिकवली?" "तिच्या आयोनं." "आणि तिला?" रखमी हसली, दोन दातांनी. "तिला तिच्या. किती मागं जाशील? टेम्पो चाललाय माझा." भारतीला वाटलं, आपण एका विहिरीच्या काठावर ओणवं झालोय, आणि खाली पाणी दिसत नाही, नुसत्या बायका दिसतात, एकीखाली एक, तोंड वर केलेल्या, नाव एकीलाही नाही, आणि सगळ्यांचे ओठ एकाच आकारात. तिने वर्षाला जवळ ओढलं, आणि वर्षाचे ओठ बघितले.

मग सगळं भराभर झालं. मुकादम शिव्या देऊ लागला, कोंबड्या डालग्यांत भरल्या, डालगी टेम्पोवर, रखमीला दोघांनी वर ओढलं. तांदळाची पिशवी भारतीने तिच्या मांडीवर टाकली. "मे मध्ये येशील ना, मावशी?" तो शब्द तिने कधी कुणाला लावला नव्हता, जिभेवर नवीन भाकरीसारखा गरम वाटला. "येईन तर. ताटीला तीन गाठी मारल्यात. उगाच का?" टेम्पो धूळ उडवत माळ उतरू लागला. पाडा एकदम रिकामा झाला, कुत्रं थोडं धावलं आणि परत आलं. आणि उताराच्या पहिल्या वळणावरून, पत्र्यांच्या खडखडाटातून, हाक आली. तुऽर तुऽर तुर्रर्र, ओऽ. भारतीने तोंड उघडलं. काही निघालं नाही. सगळं आयुष्य हाक मारायची सवय, उत्तर द्यायची नाही. टेम्पो झाडांमागे गेला. परत हाक आली, बारीक, डोंगराला लागून. तेव्हा तिने दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि दिलं. तुर तुर, आयोऽ. खालून परत काही आलं नाही. यायचं राहिलंच नव्हतं काही. तो डोंगर मात्र तेच एकदा म्हणाला, तिच्या पाठोपाठ.

लाकडांच्या ढिगाखाली खसखसलं. एक तलंग बाहेर आली, तांबडी, अजून अंडंही न दिलेली, डालग्यात भरायची राहिलेली. एका डालग्यावाल्याला वाटलं असणार दुसऱ्याच्यात गेली. ती मान वाकडी करून भारतीकडे बघत होती. वर्षाने तिला फ्रॉकमध्ये उचललं, आणि तिने उचलू दिलं.

परतीच्या जीपवाल्याने आरशातून बघितलं. "बाई, कोंबडीचं भाडं वेगळं पडंल. कुणाची आहे? मागनं कुणी भांडायला येईल."

"घे भाडं," भारती म्हणाली. "आजोळची आहे."